होय, मी सांगतो तसं कर

“मानवजातीचा इतिहास म्हणजे अवलंबित्वातून सुटण्याचा इतिहास आहे,” असं आमचे जावईबापू शनिवारी सकाळी नऊ वाजता म्हणाले. त्या वेळी ते पलंगाच्या कडेला एका पायात निळा मोजा घालून बसले होते. दुसरा मोजा शोधण्यासाठी माझी मुलगी पलंगाखाली शिरली होती, बायको कपड्यांच्या टोपलीत डोकं घालून होती आणि मी, रिकामा माणूस म्हणून, सोफ्याच्या फटीत हात घालून होतो. मोजा सापडला नाही. शेवटी माझा एक तपकिरी मोजा त्यांच्या दुसऱ्या पायात गेला आणि मानवजातीचा इतिहास पुढे सरकला.

जावईबापू एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आर्किटेक्ट आहेत. लग्न ठरलं तेव्हा हे ऐकून मला आनंद झाला होता. आमच्या न्हाणीघराची भिंत तेव्हा गळत होती. मुलीने समजावलं की ते घरं नाही, प्रणाल्या बांधतात. पुढे कळलं की प्रणाल्याही दुसरेच बांधतात, हे नुसती त्यांची चित्रं काढतात. चौकटी आणि बाण. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी संगणकावर स्वतःच्या हाताने काही केल्याचं कोणाच्या पाहण्यात नाही. उंटावरून शेळ्या हाकायला कोणाचीच हरकत नसते. पण मधूनच अशा माणसाला उंटावरून उतरून शेळीचं दूध काढायची हुक्की येते, तेव्हा शेळीने काय करावं हे कुठेच लिहिलेलं नाही.

आमची शेळी तळमजल्यावर होती. पूर्वी तिथे गाडी उभी राहायची. आता तिथे सूनबाईंचं कामाचं दालन आहे. कोट, एप्रन, फ्रॉक असं काहीही शिवायचं झालं की आधी त्याचे कागदी नमुने लागतात, बाहीचा वेगळा, पाठीचा वेगळा, कॉलरचा वेगळा. ते नमुने सूनबाई आखतात आणि पलंगाएवढ्या लांब यंत्रावर छापून काढतात. त्या यंत्राला प्लॉटर म्हणतात आणि त्याला एक जुना संगणक चालवतो, ज्यात लिनक्स आहे. माझा मुलगा जहाजावर नोकरीला आहे, वर्षातले आठ महिने पाण्यावर. तेव्हा घरात खऱ्या अर्थाने काम करणारं माणूस म्हणाल तर सूनबाईच. मी चाळीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांच्या खोड्या काढल्या. त्याला काम म्हणायला माझी बायको अजून तयार नाही.

अग्निशमन दलाने नव्या कोटासाठी नमुना मागवला होता. तीन कारखाने उतरले होते आणि चौथ्या सूनबाई. सोमवारी सकाळी नऊला शिवलेला कोट टेबलावर हवा होता. कोट पसंत पडला तर सूनबाई आणि त्यांच्याकडे शिवायला येणाऱ्या दोघी जणींना दोन वर्षं मान वर करायला फुरसत मिळणार नव्हती. नाही पडला, किंवा वेळेवर गेलाच नाही, तर त्यांना एका कारखान्यात देखरेखीची नोकरी तयार होती आणि त्या कारखान्यालाही सोमवारीच उत्तर हवं होतं. “नोकरी वाईट नाही बाबा,” त्या मला म्हणाल्या होत्या, “फक्त तिथे दुसऱ्याने आखलेल्या बाह्या मोजत बसायचं.”

शनिवारी साडेनऊला सूनबाई कोटावर लावायची चमकणारी पट्टी आणायला बाजारात निघाल्या. नमुने संगणकात तयार होते. परत आल्यावर छापायचे, चार वाजता शिवणाऱ्या दोघी येणार, रविवारी कोट उभा. संगणकाच्या पडद्यावर त्यांनी पुठ्ठ्याची पाटी चिकटवली होती: हात लावू नये. तरी जाताना मला म्हणाल्या, “बाबा, कोणी हात लावणार नाही एवढं बघा.”

मी बघितलं. हात लावताना अगदी पहिल्यापासून बघितलं.

जावईबापू चहाचा कप घेऊन खाली आले. टेबलावर एक जुनी सीडी पडली होती, तिच्यावर त्यांनी कप ठेवला.

“आजच्या काळात सीडी कोण ठेवतं,” ते म्हणाले.

“कप ठेवायला बरी पडते,” मी म्हटलं.

त्यांनी पाटी वाचली आणि दोन बोटांनी वर उचलली, जशी आपण दुकानात न आवडलेल्या शर्टाची किंमत बघतो.

“बाबा, अशा पाट्या लावणारे लोक प्रगतीला घाबरतात. हे यंत्र किती जुनं?”

“आठ वर्षं. संगणक बसवणाऱ्या मास्तरांनी एकाच दिवशी दोन लावली. हे आणि वरचं माझं.”

“साफसफाई कधी केली होती?”

“माझ्या यंत्राची कधीच नाही. माझी स्वतःचीही वरवरच असते.”

“आठ वर्षांचा कचरा,” ते म्हणाले आणि बाह्या दुमडल्या. “हे आधी करतो. दुपारी तुमचंही करून देतो. पासवर्ड काय आहे?”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. हे खोटं होतं आणि त्या दिवशी माझ्या हातून घडलेली ती एकमेव चांगली गोष्ट होती. ती पाच सेकंद टिकली. बायको बिस्किटं घेऊन खाली आली होती.

“पासवर्ड ना? तो खणाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय,” ती म्हणाली आणि खण ओढून कागद काढूनही दिला. मी तिच्याकडे पाहिलं. ती मला बाजूला घेऊन कुजबुजली, “अहो, जावयाने तोंड उघडून काही मागितलं आणि नाही कसं म्हणायचं?”

आमच्यात जावई हा दहावा ग्रह मानतात. पण बाकीच्या नऊ ग्रहांना निदान कोणी पासवर्ड काढून देत नाही.

आता इथे लिनक्सची थोडी ओळख करून द्यावी लागेल. घाबरू नका, मला जेवढी आहे तेवढीच. लिनक्समध्ये कोणीही एकटा नांदत नाही. तिथे प्रत्येक गोष्ट म्हणजे एक पॅकेज, एक गाठोडं. छपाईच्या गाठोड्याला अक्षरांचं गाठोडं लागतं, अक्षरांना आणखी एक लागतं, त्याला त्याच्या मामेभावाचं लागतं. सगळी सोयरीक अशी एकमेकांत गुंतलेली. एकाला काढायचं म्हटलं की जे जे त्याच्या जिवावर उभे आहेत ते सगळे निघतात. मात्र यंत्र सभ्य आहे. ते आधी नावं वाचून दाखवतं आणि विचारतं, काढू का.

जावईबापूंना त्या यंत्रात एक जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा सापडली. ही भाषा मेली, तिच्या पुढची आवृत्तीही म्हातारी झाली, असं ते म्हणाले. मेलेल्याला घरात ठेवत नाहीत. त्यांनी काळ्या चौकटीत हुकूम टाइप केला, काढ.

यंत्राने यादी दाखवायला सुरुवात केली. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. त्यात ‘प्रिंट’ हा शब्द मला तीनदा दिसला.

“एवढं सगळं जाणार?” मी विचारलं.

“यादी वाचायची नसते बाबा.”

“मग ते दाखवतं कशाला?”

“कायदेशीर बाब आहे.”

यादीच्या शेवटी यंत्र थांबलं. त्यात दोन-तीन गाठोडी अशी होती की ती काढू नयेत असं यंत्राला मनापासून वाटत होतं. नेहमीसारखं नुसतं हो किंवा नाही त्याला पुरेना. त्याने इंग्रजीत बजावलं की तुम्ही जे करताय ते धोक्याचं आहे, आणि तरीही करायचंच असेल तर पुढचं वाक्य अक्षर न अक्षर स्वतः टाइप करा. वाक्याचा अर्थ होता: होय, मी सांगतो तसं कर.

जावईबापूंचा चेहरा मी पाहिला. माणूस अकरा वर्षं चौकटी आणि बाण काढतो, सभेत बोलतो, लोक मान डोलावतात आणि नंतर आपल्याला हवं ते करतात. घरी माझी मुलगी तर मानही डोलावत नाही. आणि इथे एक यंत्र हात जोडून उभं होतं. त्यांनी ते वाक्य एका बोटाने, सावकाश, चव घेत टाइप केलं. यंत्रानेही त्यांना जावयाचा मान दिला. एकदा विचारलं, पुन्हा विचारलं, आणि मग मुकाट्याने घर रिकामं करून दिलं.

मी थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही. चाळीस वर्षांची सवय. मोठा माणूस सालीवरून घसरणार असं दिसलं की मी साल उचलत नाही, कागद शोधतो.

नावं भराभर निघून गेली. जावईबापूंनी चहाचा घोट घेतला आणि दुसरा हुकूम दिला.

“आता जी पॅकेजेस कोणालाच लागत नाहीत, ती यंत्र आपणहून सुचवतं. बघा.”

पुन्हा मोठी यादी आली.

“पंधरा मिनिटांपूर्वी ही कोणाला तरी लागत होती ना?” मी म्हटलं.

“लागणारे गेले ना. आता हे बिनकामाचे.”

निवृत्तीच्या दिवशी आमच्या संपादकांनी हीच गोष्ट पुष्पगुच्छ देऊन सांगितली होती. मग जावईबापूंनी एक जुना कप्पा रिकामा केला, म्हणाले चार गिगाबाइट जागा मोकळी झाली. त्या जागेत काय ठेवायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. शेवटी अभिमानाने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं.

काळा पडदा आला. त्यावर पांढरी दोन ओळींची अक्षरं आणि उघडझाप करणारी एक रेघ. ना चित्रं, ना खिडक्या, ना बाण. माउस हलवला तर टेबलावर नुसता माउसच हलला. प्लॉटरचा हिरवा दिवा पिवळा झाला होता.

“स्वच्छ झालं,” बायको म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं होतं.

पुढचा दीड तास जावईबापूंनी दुरुस्ती केली. म्हणजे मोबाइलवर जगभरच्या लोकांचे सल्ले वाचले. सगळ्यांचा सल्ला एकच, गेलेली पॅकेजेस इंटरनेटवरून परत आणा. पण इंटरनेटला जोडणारं गाठोडंही सोयरिकीतलंच होतं, तेही बाकीच्यांबरोबर गेलं होतं. जावईबापूंनी टेबलाखाली जाऊन वायर काढली आणि लावली. मग दुसऱ्या टोकाने काढली आणि लावली. टेबलाखालूनच त्यांनी निदान सांगितलं.

“मूळ रचनाच चुकीची आहे.”

नाचता येईना, अंगण वाकडं. फरक इतकाच की हे अंगण सकाळी दहापर्यंत सरळ होतं.

माझी मुलगी खाली आली. तिने काळा पडदा पाहिला, मग टेबलाखालून बाहेर आलेला तपकिरी मोजा पाहिला.

“काय काढलंस तू?”

“एक पॅकेज.”

“एक?”

“एकच.”

“घरी तू एक खिळा ठोकला होतास,” ती म्हणाली, “तेव्हा शेजारच्यांची घड्याळं पडली होती.” आणि ती वर निघून गेली. संसाराला बारा वर्षं झाली की माणूस पुढचं बघायला थांबत नाही.

सूनबाई बारा वाजता आल्या. पट्टीची भेंडोळी त्यांनी टेबलावर ठेवली, पडद्याकडे पाहिलं, खाली पडलेली पाटी उचलली. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, “बाबा.”

त्या दोन अक्षरांत माझी चाळीस वर्षांची कारकीर्द निकालात निघाली.

“वहिनी, घाबरू नका,” जावईबापू म्हणाले. “हे एका दृष्टीने बरंच झालं. तुमची सिस्टीम किती नाजूक होती ते वेळेत कळलं.”

“हो ना,” सूनबाई म्हणाल्या. “काचेचा ग्लासही फुटेपर्यंत नाजूक आहे हे कळत नाही.” आणि त्यांनी मास्तरांना फोन लावला.

मास्तर तंत्रशाळेत लेथ शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या संगणकांना लिनक्स शिकवलं. दर काही महिन्यांनी येऊन दोन्ही यंत्रं बघून जायचे, पण आता ते लेकीकडे दुसऱ्या गावी राहतात, येऊ शकत नव्हते. बोलणं फार कमी. शब्द हे पोलादासारखे जपून कापायचे असतात असं त्यांचं मत असावं. सूनबाईंनी फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं.

“हं,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, हे उसवल्यासारखंच आहे ना? काय काय उसवलं, कुठून कुठे, एवढं कळलं तर परत शिवता येईल. याची कुठे नोंद असते का?”

“असते. दिवस, वेळ, हुकूम, गेलेल्यांची नावं, सगळं लिहून ठेवतं ते. सांगतो तसं टाइप करा.”

“लॉग?” जावईबापू म्हणाले. “लॉग कोण वाचतं?”

“मध्ये कोण बोललं?” मास्तरांनी विचारलं.

“भाऊजी.”

“त्यांना चहा द्या.”

बायको खरंच चहा करायला गेली.

सूनबाईंनी मास्तरांच्या सांगण्यावरून अक्षरं टाइप केली आणि काळ्या पडद्यावर नोंद उघडली. पहिली नोंद दहा वाजून चौदा मिनिटांची, जुनी भाषा काढ. दुसरी नोंद दहा वाजून एकतीस मिनिटांची, बिनकामाचे काढ. दोन्ही मिळून एकशे सत्याऐंशी नावं.

“भाऊजी, एकच म्हणाला होतात ना?”

“मी एकच काढलं. बाकीची आपली आपण गेली.”

हे वाक्य मी लिहून ठेवलं आहे. भूकंपालाही इतका चांगला वकील मिळाला नसेल.

“आता एकेक परत हवं,” मास्तर म्हणाले. “मी आणलेल्या गाठोड्यांच्या प्रती एका कप्प्यात साठलेल्या असतात. तिथे बघा.”

सूनबाईंनी बघितलं. कप्पा रिकामा होता. सगळ्यांनी जावईबापूंकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

“चार गिगाबाइट,” मी म्हटलं.

सूनबाईंनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच बसल्या. हातातली पेन्सिल त्यांनी टेबलावर आडवी ठेवली. सकाळी बाजारात जाताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आता दिसेना. त्या जागी ती कारखान्यातली देखरेखीची नोकरी येऊन बसली होती.

“वरचं यंत्र,” मास्तर म्हणाले. “तुमच्या सासऱ्यांचं. दोन्ही जुळी आहेत. त्यावर कोणी साफसफाई केली?”

“नाही,” मी म्हटलं. “दुपारी होणार होती.”

आयुष्यात आळसाचं चीज व्हायला वेळ लागतो, पण होतं. मी आठ वर्षांत त्या यंत्रातून एक धूळकणही काढलेला नव्हता. मास्तरांनी आणलेलं प्रत्येक गाठोडं, त्याची जुनी आवृत्ती, त्याच्याही आधीची, सगळं त्या कप्प्यात जसंच्या तसं पडलेलं होतं.

“मग सगळंच्या सगळं कॉपी करून टाका की,” जावईबापू म्हणाले.

“चहा मिळाला का त्यांना?” मास्तरांनी विचारलं. मग सूनबाईंना म्हणाले, “सगळं नको. आठ वर्षांच्या आवृत्त्या एकात एक घुसतील. यादीत नाव आणि आकडा आहे. तोच आकडा उचला.”

“मापाचं तेवढंच,” सूनबाई म्हणाल्या आणि उठल्या. त्यांनी प्लॉटरचा रुंद कागद टेबलावर पसरला, पट्टीने रकाने आखले आणि पेन्सिल घेतली. “बाबा, वाचा.”

मी वाचायला लागलो. एकशे सत्याऐंशी नावं, आणि त्यातली निम्मी एकाच घराण्यातली, कारण सगळ्यांच्या नावाआधी ‘लिब’ लागत होतं. एकही नाव माणसाच्या तोंडात बसेल असं नव्हतं. प्रत्येकाच्या मागे टेलिफोन नंबराएवढा आकडा. मी चाळीस वर्षं लिहिलं, पण माझं एक वाक्य कोणी इतक्या लक्षपूर्वक लिहून घेतल्याचं आठवत नाही. कुठे मी आकडा गिळला की त्या मान वर न करता म्हणायच्या, “परत.” ‘घोस्टस्क्रिप्ट’ नाव आलं तेव्हा बायको दारातूनच म्हणाली की भुतांची नावं भरल्या घरात मोठ्याने घेऊ नका. ते प्लॉटरच्या कामाचं आहे असं मास्तरांनी सांगितल्यावर तिने भुताला परवानगी दिली.

जावईबापू उभे होते. मधूनमधून म्हणायचे, “हे ऑटोमेट करता आलं असतं.” काम दुसरा करत असताना ते कसं करता आलं असतं हे सांगणं ही एक स्वतंत्र विद्याशाखा आहे आणि तिला पगार चांगला आहे.

यादी आणि फोन घेऊन आम्ही वर गेलो. सूनबाई माझ्या यंत्रावर एकेक गाठोडं शोधून पेन ड्राइव्हवर टाकत होत्या आणि कागदावर खूण करत होत्या. तीन वाजता एकशे शहाऐंशी खुणा झाल्या. एक नाव उरलं.

“हे मिळत नाही मास्तर.”

“वाचा.”

मी वाचलं.

“ते तुमच्या सासऱ्यांकडे नसणारच. प्लॉटरचं आहे ते. बनवणाऱ्यानेच दिलं होतं, आता तो धंद्यात नाही. त्याची सीडी आली होती. ती जपून ठेवा म्हटलं होतं.”

“ठेवली होती,” सूनबाई म्हणाल्या. “टेबलावरच काढून ठेवली होती, आज काही लागलंच तर म्हणून.”

मी जिना उतरलो. माझ्या वयाला शोभणार नाही इतक्या वेगाने उतरलो. सीडीवर आता दुसरा कप होता. बायकोने जावयाला चहा जागच्या जागी नेऊन दिला होता. कप उचलला तर खाली एकात एक अडकलेली दोन तपकिरी वर्तुळं होती, आणि ती बरोबर चमकत्या बाजूवर.

मागोमाग आलेल्या सूनबाईंनी सीडी उजेडात धरली. बायकोने फडकं ओलं करून आणलं. सीडी तिने आतून बाहेर, सरळ रेषेत पुसली. गोल गोल पुसायचं नसतं हे तिला कसं माहीत म्हणाल, तर चष्मे पुसून. सकाळी पासवर्डचा कागद देणारा हातच तो, पण या वेळी तिने कोणाला विचारलं नाही आणि जावयाने पुढे केलेला हात बघितला नाही असं दाखवलं.

यंत्राने सीडी आत घेतली, घरघरलं आणि बाहेर टाकली. दुसऱ्यांदा घेतली, बराच वेळ घरघरलं, बाहेर टाकली. तिसऱ्यांदा सूनबाईंनी ती आत सरकवली आणि पेन्सिल दातात धरली. घरघर थांबली. पडद्यावर एक ओळ आली, त्यात ते नाव होतं.

“एकशे सत्याऐंशी,” मी म्हटलं.

“आता सगळी एकदम बसवा,” मास्तर म्हणाले. “कोण आधी, कोण नंतर ते त्यांचं ते ठरवतील. शेवटी एक प्रश्न विचारेल. वाचून उत्तर द्या.”

सूनबाईंनी तो प्रश्न दोनदा वाचला. मग उत्तर दिलं.

नावं परत येऊ लागली. गेली होती त्याच वेगाने, पण आता ती एकमेकांना आधार देत उभी राहिल्यासारखी दिसत होती. हा कदाचित माझ्या डोळ्यांचा दोष असेल. पावणेचार वाजता यंत्र बंद करून सुरू केलं. खिडक्या आल्या, बाण हलला. प्लॉटरचा पिवळा दिवा थोडा विचारात पडला आणि हिरवा झाला.

“मास्तर, उपकार झाले.”

“खण बदला,” मास्तर म्हणाले. “पासवर्डचा.” आणि फोन ठेवला.

शिवणाऱ्या दोघी चारला आल्या तेव्हा प्लॉटर सुरू होता. आधी कोटाची पाठ निघाली, मग कॉलर, मग खिसे. कागद टेबलावरून घसरून जमिनीवर पसरत होता आणि सूनबाई गुडघ्यांवर बसून कातरीने एकेक नमुना सोडवत होत्या. एकीने पाठीचा कागद उचलला आणि कापडावर लावला. पहिल्या टाचणीचा आवाज मला ऐकू आला, इतकी सगळी गप्प होती.

एक सोडून.

“खरं म्हणजे आज आपण काय पाहिलं?” जावईबापूंनी सुरुवात केली. ते खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले होते. हातात कप नसल्यामुळे हात मोकळे होते आणि ते हवेत चौकटी काढत होते. “आपण एक सिस्टीम पूर्ण मोकळी केली आणि ती स्वतःच्या पायावर परत उभी राहिली. लवचिकता म्हणतात ती हीच. पुढच्या महिन्यात मी ऑफिसात याच्यावर भाषण देणार आहे. शीर्षकही सुचलंय. सांगायचा मुद्दा असा की माणूस असो वा यंत्र, एकदा सगळी अवलंबित्वं तोडल्याशिवाय त्याला आपली खरी ताकद कळत नाही. बाबा, तुम्ही लिहिणारे आहात. तुम्हीच सांगा, हे वाक्य कसं आहे?”

मी मान डोलावली. सभेत डोलावतात तशी.

“वहिनी, तुमचं काय मत?”

सूनबाईंनी जमिनीवरून वर पाहिलं. कातर त्यांच्या हातात उघडी होती, आणि त्यांची नजर जावईबापूंच्या चेहऱ्यावर नव्हती. ती खाली, तपकिरी मोज्यावर होती.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “तुम्ही डाव्या बाहीवर उभे आहात. तेवढा पाय उचलता का?”